तोफ, टेंडर आणि हालचाल टिपणारे कॅमेरे

आजच्या विषयावर पहिली शंका आमच्या घरातूनच निघाली. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सरकारी खरेदीवर काय बोलायचं? आणि खरेदी तरी कसली, तर माणसाची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची, आभासी वास्तवाच्या संशोधनासाठी! शंका रास्त आहे. तिचं उत्तर व्याख्यान संपेपर्यंत मिळेल अशी आशा आहे. (हशा)

सुरुवात आपल्या गावापासून करू. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडी अजून ‘नगर’च बसलं आहे, तेवढं सांभाळून घ्या. या नगरच्या इतिहासात राज्यसंस्थेने मोठं यंत्र मिळवल्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट कोणती? आम्ही म्हणू, मलिक-ए-मैदान. आज ही तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे, म्हणून आपण तिला विजापूरची समजतो. पण ती ओतली गेली नगरला, १५४९ साली, पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळात. ओतणाऱ्याचं नाव तोफेवरच्या लेखात आहे, मुहम्मद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. वजन सुमारे ५५ टन सांगतात.

आता हे खरेदीच्या नजरेतून बघा. निजामशहाने तयार तोफ मागवली नाही. ती ओतण्याची विद्या ज्याच्या हातात होती तो माणूस त्याने पदरी ठेवला आणि तोफ इथेच ओतून घेतली. भट्टी इथली, धातू वितळवणारे हात इथले. एक मोठी तोफ ओतताना दहा माणसं काहीतरी शिकतातच. म्हणजे राज्याला वस्तू मिळाली आणि वस्तूमागची विद्याही काही अंशी मिळाली. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तोफेचा पुढचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती होती असं सांगतात. मग ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. आणि १८५४ साली काय झालं? विजापूर तेव्हा सातारच्या इंग्रज अंमलाखाली आलं होतं. तिथलं निरुपयोगी सामान विकून टाका असा हुकूम सुटला आणि मलिक-ए-मैदानचा लिलाव पुकारला गेला. बोली आली दीडशे रुपये! सुदैवाने तिथल्या अधिकाऱ्याला ही रक्कम फार थोडी वाटली, तोफेबद्दल लोकांची भावनाही त्याला ठाऊक होती, आणि विक्री रद्द झाली. आपल्यापैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना डेड स्टॉक रजिस्टर माहीत असेल. डेड स्टॉकात गेलेल्या वस्तूची किंमत कशी ठरते, याचं याहून बोलकं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या राज्यात सरकारी सामानाची खरेदी मुख्यतः लंडनहून होई. इंडिया ऑफिसचं स्टोअर खातं तिकडे सौदे करायचं आणि माल बोटीने इकडे यायचा. पहिल्या महायुद्धात बोटींचे मार्ग धोक्यात आले तेव्हा या व्यवस्थेचा लंगडेपणा उघडा पडला. सर थॉमस हॉलंड यांच्या औद्योगिक आयोगाने (१९१६ ते १९१८) या प्रश्नाचा विचार केला आणि १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये, त्याच परंपरेतून पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, म्हणजे डीजीएस अँड डी, उभं राहिलं. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर तेही बंद झालं. आता सरकारी खरेदीचा बाजार संगणकावर भरतो. २०१६ साली सुरू झालेला हा बाजार म्हणजे ‘जेम’.

या सगळ्या काळात नगरचं काय चाललं होतं? १९२९ साली रावळपिंडीजवळ चकलाला इथे लष्करी वाहनांची तपासणी करणारी एक संस्था निघाली होती. फाळणीनंतर ती नगरला आली. आज आपण जिला व्हीआरडीई म्हणतो, ती संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा या परंपरेतली. रणगाड्यांचं काम पुढे सत्तरच्या दशकात चेन्नईजवळ आवडीला स्वतंत्र झालं. १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशिक्षणशाळाही इथेच आहे, आणि १९९४ पासून रणगाडा संग्रहालय. मुलांना घेऊन आपण सगळेच तिथे गेलो आहोत. तेव्हा सरकार यंत्र कसं घेतं हा प्रश्न नगरकरांना नवा नाही. तो आपल्या वेशीवर उभा आहे.

आता कॅमेऱ्यांकडे येऊ. मोशन कॅप्चर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो.

माणसाच्या सांध्यांवर, म्हणजे खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा इथे, चकाकणारे छोटे गोळे चिकटवतात. खोलीत चहूबाजूंनी कॅमेरे असतात. प्रत्येक कॅमेऱ्याजवळून इन्फ्रारेड उजेड निघतो, तो गोळ्यावर पडून परत कॅमेऱ्यात येतो. एका कॅमेऱ्याला गोळा कोणत्या दिशेला आहे एवढंच कळतं, किती लांब आहे ते कळत नाही. दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी पाहिलं की दिशांच्या दोन रेषा जिथे मिळतात ती गोळ्याची जागा. शाळेतला त्रिकोण, दुसरं काही नाही! सेकंदाला शंभर-दोनशे वेळा हे गणित होतं आणि संगणकात माणसाचा हाडांचा सांगाडा चालू लागतो. डोळ्यांवर आभासी वास्तवाचा चष्मा चढवला की त्या माणसाला स्वतःचा हात त्या खोट्या जगातही जागच्या जागी दिसतो.

वाहनाच्या संशोधनात याचा उपयोग उघड आहे. पोलाद कापण्याआधीच गाडी संगणकात उभी करायची, त्यात माणूस बसवायचा आणि बघायचं की त्याचा हात कळीपर्यंत पोचतो का, गुडघा कुठे आपटतो का, हेल्मेट घालून मान वळते का. आपल्या माणसांची मापं युरोपातल्या माणसांची नव्हेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने भारतीयांच्या शरीरमापांचा ग्रंथ काढला तो १९९७ साली. तोपर्यंत बहुतेकदा परक्या मापांवरच काम चालायचं. पारनेरच्या किंवा जामखेडच्या पोराला परक्या मापाच्या आसनावर बसवून आपण म्हणायचं, शिस्तीत बस!

या तंत्राचा उगम पाहिला तर तिथेही सरकार भेटतं. १८८२ च्या सुमारास पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाला सार्वजनिक पैशातून एक प्रयोगस्थळ मिळालं. तो माणसांना काळे कपडे घालायचा, त्यांच्या हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावायचा आणि एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रं घ्यायचा. आजचे चकाकणारे गोळे त्या पांढऱ्या पट्ट्यांचे नातू आहेत. सैनिक चालतो कसा, धावतो कसा, थकतो कधी, हे तिथे तपासलं गेलं. म्हणजे राज्याला माणसाच्या चालीत रस होता, तो पहिल्यापासून.

खोट्या विमानाची गोष्ट तर आणखी शिकवणारी. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने १९२९ साली वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात, भात्यांवर हलणारं एक लाकडी विमान तयार केलं. जमिनीवर बसून विमान चालवायला शिका म्हणे! लष्कराला ते खेळणं वाटलं. जत्रेत मुलांच्या करमणुकीसाठी मात्र ते खपलं. मग १९३४ साली अमेरिकन लष्करी हवाईदलावर टपाल वाहण्याचं काम आलं. धुक्यात, अंधारात उडण्याची सवय नसलेले वैमानिक एकामागून एक पडले. बाराच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला. यंत्र पाच वर्षं तिथेच होतं. गरज दिसायला मात्र माणसं मरावी लागली.

हे ऐकून आपण अमेरिकेला हसू नये. उशिरा खरेदी करणं हा सगळ्याच सरकारांचा रोग आहे. आणि घाईने खरेदी करणं हा दुसरा. आता आमच्या दुकानाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे वळतो.

सरकारी खरेदीचा पाया म्हणजे सर्वसाधारण वित्तीय नियम, जीएफआर. १९४७ पासून ते आहेत. १९६३, २००५ आणि २०१७ साली त्यांची नवी रूपं आली. २०१७ च्या नियमांतला १४४ वा नियम सांगतो की जी वस्तू घ्यायची तिचं वर्णन स्पष्ट लिहा, गरज भागेल एवढंच मागा, अनावश्यक गोष्टी घालू नका. ऐकायला किती सोपं! आणि मग निविदा मागवा. तांत्रिक पाकीट आधी उघडा, त्यात जे उतरतील त्यांचीच आर्थिक पाकिटं उघडा, आणि त्यांत सर्वांत कमी दर ज्याचा त्याला काम द्या. यालाच कचेरीत ‘एल-वन’ म्हणतात.

सगळा भार पडतो तो त्या वर्णनावर. वर्णन म्हणजे काय? आपल्या न्यायशास्त्रात त्याला लक्षण म्हणतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’वर त्यांचीच टीका आहे, ‘दीपिका’. तिथे लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत आणि उदाहरण घेतलं आहे गाईचं. कपिल रंगाची ती गाय असं म्हटलं तर पांढऱ्या, काळ्या गाई सुटतात, ही अव्याप्ती. शिंगं असलेली ती गाय म्हटलं तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. आणि एका खुराची ती गाय म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

मंडळी, आमच्या आयुष्यात जेवढी टेंडरं आम्ही पाहिली त्यांचे रोग या तिनांत बसतात. एखाद्या कंपनीचं माहितीपत्रक समोर ठेवून वर्णन उतरवलं, की ते कपिला गाईचं लक्षण झालं. कॅमेऱ्याचं वजन इतकेच ग्रॅम, भिंगाचा कोन इतकाच अंश. मग दुसरा कोणी उतरणारच नाही. वर्णन ढिलं ठेवलं, की शिंगं असलेली म्हैस सर्वांत कमी दराने गोठ्यात येते आणि तक्रारही करता येत नाही, कारण शिंगं आहेत ना! आणि चार माहितीपत्रकांतला उत्तमोत्तम भाग एकत्र केला, की एका खुराची गाय. निविदाच येत नाहीत, मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि वर्ष संपतं.

हालचाल टिपणाऱ्या यंत्रणेत हा धोका जास्त आहे, कारण तिच्या जाती अनेक. गोळे आणि कॅमेऱ्यांची यंत्रणा मिलिमीटरपेक्षा बारीक मोजते, पण गोळा झाकला गेला की आंधळी होते. रणगाड्याच्या अरुंद पोटासारखी जागा असेल तर माणसाचा निम्मा देह झाकलेलाच असतो. दुसरी जात अंगावर घालायच्या पोशाखाची. त्यात त्वरण आणि वळण मोजणारे संवेदक असतात, झाकलं जाण्याचा प्रश्न नाही, पण मोजमाप हळूहळू सरकत जातं आणि दिशेसाठी चुंबकीय मापन वापरलं तर आसपासच्या लोखंडाने ते बिघडतं. तिसरी जात चुंबकीय क्षेत्रावर चालणारी, तिचंही लोखंडाशी वाकडं. म्हणजे वाहनाच्या प्रयोगशाळेला कोणती जात हवी, हे तिथे काय शोधायचं आहे त्यावर ठरणार. ‘मोशन कॅप्चर यंत्रणा, नग एक’ असं लिहून भागत नाही.

आणि इथेच खरी गाठ आहे. संशोधन म्हणजे ज्याचं उत्तर ठाऊक नाही ते शोधणं. मग काय लागेल हे आधीच नेमकं कसं लिहायचं? प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात हाच पेच आहे. जे ठाऊक आहे ते शोधायला नको आणि जे ठाऊक नाही ते सापडलं तरी ओळखणार कसं? सॉक्रेटिसवर मेनोने हा प्रश्न टाकला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर खरेदी समिती नव्हती, पण पेच तोच.

नियम करणाऱ्यांना हे कळत नाही असं मात्र नाही. त्यांच्यावर अन्याय नको. त्याच नियमावलीत १६४ वा नियम आहे, दोन टप्प्यांच्या निविदेचा. वर्णन आधी ठरवणं शक्य नसेल, किंवा संशोधन-प्रयोगासाठीच करार असेल, तर आधी जाणकारांकडून तांत्रिक प्रस्ताव मागवा, चर्चा करा, त्यातून वर्णन पक्कं करा आणि मग दर मागवा. १६६ व्या नियमात एकाच पुरवठादाराकडून घेण्याची वाट आहे, पण तीच वस्तू का, हे लिहून द्यावं लागतं. २०२० च्या मे महिन्यात दोनशे कोटींपर्यंतच्या खरेदीला जागतिक निविदा बंद झाल्या, देशी उद्योगाला बळ मिळावं म्हणून. हेतू चांगला, पण काही उपकरणं इथे होतच नव्हती, तिथे प्रयोगशाळा अडल्या. २०२५ च्या जूनमध्ये वैज्ञानिक संस्थांच्या संचालकांना आणि कुलगुरूंना त्यात मोकळीक मिळाली. म्हणजे वाटा आहेत. त्या वाटेने जायला मात्र कोणीतरी सहीनिशी जबाबदारी घ्यावी लागते, आणि आपल्याकडे भीती वाटते ती त्या सहीची. कमी दराची वस्तू निरुपयोगी निघाली तर कोणी विचारत नाही. जास्त दराची वस्तू उपयोगी ठरली तरी लेखापरीक्षणाचा शेरा येऊ शकतो.

आता आमची स्वतःची एक कबुली. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान खोटं ठरेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या खरेदी समितीवर आम्ही बाहेरचे सदस्य होतो. नाव सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. तिथे एक संशोधक विद्यार्थिनी होती, आपल्याच जिल्ह्यातली. तिला ऊसतोड करणाऱ्या बायकांची हालचाल मोजायची होती. तुम्ही पाहिलंय ना? कोयत्याने वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. मानेवर, कमरेवर किती भार येतो? मोळी थोडी लहान केली, फळीचा चढ बदलला तर किती कमी होईल? तिचं म्हणणं होतं की आधी प्रयोगशाळेत ही हालचाल टिपायची, मग आभासी फडात मोळी आणि फळी बदलून बघायची. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात याहून जवळचा विषय कोणता?

मार्च महिना होता. अनुदान ३१ तारखेच्या आत खर्ची पडायला हवं होतं. तुलनात्मक तक्ता आमच्यासमोर आला. सर्वांत कमी दराच्या यंत्रणेवर खूण होती. आम्ही काय विचारलं? रकमा बरोबर आहेत का, सह्या झाल्या आहेत का. एवढंच. जिला यंत्रणा वापरायची होती ती मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिला आत बोलवावं हे आम्हाला सुचलं नाही. आम्ही सही केली.

खोकी आली. पण यंत्रणा जुळवताना कॅमेऱ्यांच्या मधून फिरवायची जी मापकाठी लागते, ती ‘जादा साहित्य’ म्हणून दरातून वगळलेली निघाली. तिच्याशिवाय कॅमेऱ्यांना एकमेकांची जागा कळत नाही, म्हणजे सगळे डोळे आहेत पण दृष्टी नाही. खोलीच्या खिडक्या पश्चिमेला, दुपारचं ऊन आत, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर. कॅमेऱ्यांना गोळ्यांऐवजी काचा दिसायच्या. संगणकप्रणालीचा परवाना एका वर्षाचा, तो खोकी उघडण्याआधीच निम्मा संपला. मापकाठीसाठी नवा प्रस्ताव, नवी मंजुरी, नवं आर्थिक वर्ष. मुलीने चौदा महिने वाट पाहिली आणि विषय बदलला. पुढे ती नोकरीला लागली. यंत्रणा डेड स्टॉक रजिस्टरात व्यवस्थित नोंदलेली होती. तपासणीत एकही नग कमी भरला नाही.

पैसे कोणी खाल्ले नाहीत. नियम मोडला नाही. आणि तरीही काहीतरी गेलं. काय गेलं? मोळी डोक्यावर घेऊन फळी चढणाऱ्या बायकांसाठी जे थोडं ज्ञान तयार होऊ शकलं असतं, ते गेलं. ते कोणत्याही रजिस्टरात नव्हतं, म्हणून त्याचा तोटाही कुठे लिहिला गेला नाही. आम्ही नीतिशास्त्र शिकवत होतो तेव्हा! चोरी केली नाही म्हणजे कर्तव्य केलं, असं वर्गात आम्ही कधी शिकवलं नसतं. समितीत मात्र तसंच वागलो.

आता सुरुवातीची तोफ आठवा. निजामशहाने वस्तूबरोबर विद्या घेतली होती. आज आपल्या प्रयोगशाळा यंत्र घेतात तेव्हा दरपत्रकात यंत्र असतं, पण ते जुळवणारा माणूस, प्रशिक्षण, पाच वर्षांची देखभाल, खिडकीचे पडदे, हे सगळं ‘नंतर बघू’मध्ये असतं. राजेशाही परत आणा असं आम्ही म्हणत नाही. निजामशहाला कोणी हिशेब विचारू शकत नव्हतं, आपल्या सरकारला विचारता येतो, आणि निविदेची पद्धत त्या हिशेबासाठीच आहे. ती टिकलीच पाहिजे. पण हिशेब दराचा मागायचा की उपयोगाचा, एवढाच प्रश्न आहे. यंत्र घेतल्यावर दोन वर्षांनी एक साधा कागद लिहावा. त्यावर ते किती तास चाललं, कोणी वापरलं आणि त्यातून काय कळलं, एवढंच असावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

आणि एक छोटी सूचना, अनुभवाची. यंत्रणेचं वर्णन लिहायला बसाल तेव्हा खोलीत दोन माणसं असू द्या. एक, जो यंत्र चालवणार तो. दुसरा, ज्याच्या अंगावर ते गोळे चिकटणार तो. तो रणगाडा चालवणारा जवान असेल, नाहीतर मोळी उचलणारी बाई. लक्षण बरोबर आहे की नाही, हे त्यांना दोन वाक्यांत सांगता येतं. त्या दिवशी आमच्या आणि त्या मुलीच्या मध्ये एक दार होतं, आणि ते उघडायला नियमाची मनाई नव्हती.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. खरेदी खात्यातली मंडळी आली असतील तर त्यांनी आधी विचारावेत.